अणू, रेणू आणि कल्हईचा धूर

विज्ञानाच्या व्याख्या सातवी-आठवीच्या मुलांना चटकन पाठ होतात. मूलद्रव्य कशाला म्हणावे, संयुग कशाला म्हणावे, अणू आणि रेणू यांत फरक कोणता, असे विचारले की सगळा वर्ग धडाधड उत्तरे देतो. त्यानंतर मी एक साधा प्रश्न विचारते. चहाचे आधण खळखळ उकळू लागले की पातेल्याच्या तळापासून मोठे बुडबुडे वर येतात. त्या बुडबुड्यांत काय असते? काही मुले ‘हवा’ म्हणतात, आणि ज्यांचा अभ्यास जास्त पक्का आहे ती मुले हमखास ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ असे उत्तर देतात. त्यांचा तर्क वरवर पाहता बिनतोड असतो. पाण्याचा रेणू हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून बनलेला आहे, पाण्याला उष्णता दिली, तेव्हा रेणू तुटला आणि दोन्ही वायू मोकळे झाले. प्रत्यक्षात सुरुवातीला दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, आणि पाणी खळखळू लागल्यावरचे मोठे बुडबुडे निव्वळ वाफेचे, म्हणजे पाण्याच्याच अखंड रेणूंचे असतात. त्यांत खरोखर हायड्रोजन आणि ऑक्सिजन असते, तर गॅसच्या शेगडीवर चहा करणे जिवावर बेतले असते.

शाळेत आणि आता घरी, नागपुरातल्या आमच्या वस्तीतील मुलांना विज्ञान शिकवताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की, त्यामागचे कारण शोधणे मला भागच पडले. या मुलांची व्याख्या बरोबर असते, रेणुसूत्र बरोबर असते, तरीही उत्तर चुकते, कारण कोणता शब्द कोणत्या पातळीवर वापरायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अणुरेणूंच्या धड्यात शब्दांचे दोन गट एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेले असतात. पदार्थ, मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, द्रावण हे शब्द हातात धरता येणाऱ्या, तोलता येणाऱ्या, हुंगता येणाऱ्या द्रव्याविषयी आहेत. अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन हे शब्द मात्र डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या कणांविषयी आहेत. पहिल्या गटाचा निवाडा तराजू, चाळणी, चूल आणि प्रयोगशाळेतली परीक्षानळी करते. दुसरा गट त्या निवाड्याचे कारण सांगण्यासाठी लागतो. हे दोन गट एकमेकांत मिसळले की हुशार मुलेही चाचपडू लागतात, आणि माझ्या मते या वयातील रसायनशास्त्राची बहुतेक अडचण इथेच आहे.

‘मूलद्रव्याचे सर्व गुणधर्म ज्याच्यात असतात असा लहानात लहान कण म्हणजे अणू’ हे वाक्य अनेक वह्यांत लिहिलेले असते. यातील ‘सर्व गुणधर्म’ हे दोन शब्द मी खोडायला लावते. तांबे लालसर असते, त्याची तार ओढता येते, ते १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. पण तांब्याच्या एका अणूला लालसर रंग नसतो, त्याची तार निघत नाही आणि तो वितळतही नाही. वितळणे म्हणजे असंख्य अणूंनी आपापल्या ठरलेल्या जागा सोडून एकमेकांवरून सरकू लागणे. जिथे अणू एकच आहे तिथे सरकायचे कोणी आणि कोणावरून? सोन्याचा पिवळा रंगसुद्धा अणूंच्या मोठ्या समूहाचा आहे. सोन्याचे सुमारे २० नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात तरंगत ठेवले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते, आणि ज्यांचे घर इतवारीच्या सराफ्याजवळ आहे त्या मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे डोळे विस्फारतात. पाण्याचा एक रेणू ओला नसतो, हेही त्याच माळेतले. अणू आपल्याबरोबर जे नेतो ते रासायनिक वागणे, म्हणजे कोणाशी, किती प्रमाणात आणि कसे जुळायचे, एवढेच. रंग, कठीणपणा, चमक, वितळणबिंदू हे सारे समूहाचे गुण आहेत.

हे सगळे नुसते सांगून भागत नाही. ते दाखवायला मला आजवर मिळालेली सर्वांत चांगली प्रयोगशाळा म्हणजे कल्हईवाल्याची भट्टी. महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत पितळेची पातेली आणि परात अजून वापरात आहेत, आणि आमच्या भागात अधूनमधून कल्हईवाला येतो. तो आला की मी मुलांना हातातले काम टाकून बोलावते आणि भट्टीपासून जरा दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे करते.

कल्हईवाला आधी भांडे वाळूने खसखसून घासतो. मग ते निखाऱ्यांवर आडवे धरून फिरवत राहतो. हाताने फिरवायच्या पंख्याची हवा लागली की कोळसा फुलतो. भांडे पुरेसे तापले की तो कापसाचा बोळा नवसागराच्या भुकटीत बुडवून भांड्याच्या आतून फिरवतो, आणि त्याच क्षणी नाकाला झोंबणारा दाट पांढरा धूर उठतो. पितळेवरची काळपट झाक निघून जाते. मग कथलाची, म्हणजे टिनची, कांडी आतल्या बाजूला टेकवताच तिचे टोक वितळते, आणि बोळ्याच्या चार फेऱ्यांत पिवळ्या पितळेवर पांढरा चकचकीत थर चढतो. लगेच भांडे पाण्यात जाते, चर्र असा आवाज होतो आणि काम संपते. सगळे मिळून काही मिनिटांचे हे काम आहे, पण धड्यातले जवळजवळ सगळे शब्द त्यात येऊन जातात.

कथील हे मूलद्रव्य आहे. ते २३२ अंशांना वितळते, म्हणून भट्टीवरच्या भांड्याला नुसते टेकवले तरी पुरते. वितळल्यावर आणि पुन्हा थिजल्यावरही ते कथीलच राहते. कोणत्याही रासायनिक उपायाने त्याचे आणखी साधे पदार्थ निघत नाहीत, आणि ‘मूलद्रव्य’ या शब्दाचा द्रव्याच्या पातळीवरचा अर्थ एवढाच आहे. त्यातले सर्व अणू एकाच प्रकारचे, म्हणजे ज्यांच्या केंद्रकात ५० प्रोटॉन आहेत असे असतात, हा त्याच गोष्टीचा कणांच्या पातळीवरचा अर्थ. आज माहीत असलेली मूलद्रव्ये ११८ आहेत, आणि कल्हईवाल्याच्या पुढ्यात त्यांतील चार, कथील, तांबे, जस्त आणि कोळशातला कार्बन, संयुगात न अडकता पडलेली असतात.

पितळ हा या भट्टीवरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. तांबे लालसर, जस्त निळसर पांढरे, आणि पितळ पिवळे. नवा रंग आला म्हणजे नवा पदार्थ तयार झाला, म्हणजे संयुग झाले, असे मुले म्हणतात, आणि ही शंका योग्य शंका आहे. तिला ‘नाही, ते मिश्रण आहे, पुस्तकात लिहिले आहे’ असे म्हणून गप्प करणे मला अन्यायाचे वाटते. नुसत्या रंगावरून निकाल लावता येत नाही हे कबूल करून मी मुलांना प्रमाणाकडे वळवते. पितळेत जस्त कमी-जास्त करता येते आणि तसतसा रंग लालसरपासून पिवळ्याकडे हळूहळू सरकत जातो. कोणी ३० टक्के जस्त घालतो, कोणी ४० टक्के, आणि दोन्हीला बाजारात पितळच म्हणतात. पाण्याचे तसे होत नाही. कन्हानच्या नदीतले, पेंचच्या धरणातले किंवा पावसाचे, कुठलेही पाणी शुद्ध करून घेतले तरी वजनाने १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन हेच प्रमाण सापडते. त्यात हायड्रोजन थोडा जास्त घालून ‘जरा पातळ पाणी’ करता येत नाही. मिश्रण आणि संयुग यांच्यातला हा फरक तराजूने ठरतो. त्यासाठी अणूचे नावही काढावे लागत नाही. ठरलेले प्रमाण कशामुळे येते, असा प्रश्न मुलांनी आपणहून विचारला की मगच अणूला बोलवावे.

आणि नवसागर. त्याचे रासायनिक नाव अमोनिअम क्लोराइड. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन ही तीन मूलद्रव्ये आहेत. तापलेल्या पितळेवर पडताच त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन रंगहीन वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खातो, म्हणूनच कथील नंतर घट्ट बसते. उरलेले दोन्ही वायू भांड्याच्या वर गार हवेत पोचले की पुन्हा एकमेकांना भेटतात आणि पुन्हा नवसागर तयार होतो. तो पांढरा धूर म्हणजे नव्याने तयार झालेल्या नवसागराचे बारीक कण. एका मुलीने विचारले होते, “काकू, मंग हा धूर जमा केला तं नवसागर परत भेटन का?” कल्हईवाल्याने मान डोलावून आपल्या भट्टीच्या आडोशाला लावलेल्या पत्र्याकडे बोट दाखवले. पत्र्यावर पांढरी भुकटी बसलेली होती. कथील वितळून पुन्हा थिजले, त्या वेळी अणूंच्या जागा फक्त सैल होऊन पुन्हा पक्क्या झाल्या. नवसागर मात्र तुटला आणि पुन्हा जुळला. मधल्या काळात तिथे वेगळ्याच गुणांचे, वेगळ्याच वासाचे दोन पदार्थ होते. भौतिक बदल आणि रासायनिक बदल हे दोन्ही एकाच भट्टीवर, एकाच मिनिटात डोळ्यांसमोर घडले.

कल्हई करायचीच कशाला, हा प्रश्न घरातल्या मोठ्या बायकांना विचारायला मी मुलांना पाठवते, आणि ‘ताक कळकते म्हणून’ हे उत्तर घेऊन ती परत येतात. आंबट ताकातील आम्ल पितळेतल्या तांब्याला लागते आणि तांब्याचे क्षार तयार होऊन ताकात उतरतात. ते चवीला वाईट आणि पोटालाही वाईट. हे क्षार तयार होताना तांब्याचा अणू इलेक्ट्रॉन गमावतो आणि आयन होतो. शब्दाची वेळ झाली की शब्द द्यावा, तो असा.

नागपुरात या शब्दांच्या वाटेवर एक जादा खड्डाही आहे, तो भरून पुढे जावे लागते. मराठीतला अणू हिंदीत ‘परमाणु’ असतो आणि मराठीतला रेणू हिंदीत ‘अणु’ असतो. एकाच इमारतीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांची मुले राहतात, एकाच शिकवणीला येतात, आणि ‘अणू’ म्हणताना दोघांच्या मनात दोन वेगळे कण असतात. सेमी इंग्रजीची मुले ऍटम आणि मॉलिक्यूल म्हणून या भांडणातून सुटतात. मी तिन्ही नावे फळ्यावर एका ओळीत लिहून ठेवते आणि त्यावर अधिक वेळ घालवत नाही, कारण खरी अडचण नावांची नसून कणांची आहे.

पाण्याकडे परत येते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा घरोघरी कूलर चालू असतात, आणि टाकीतले पाणी बघता बघता संपते. हे पाणी कुठे गेले, याचे उत्तर आता मुलांना देता येते. खसाच्या पडद्यावरून वाहणाऱ्या गरम हवेने पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवले आणि आपल्याबरोबर खोलीत आणले. त्यासाठी लागलेली ऊर्जा त्या हवेतूनच घेतली गेली, म्हणून हवा गार झाली. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर त्याच एक किलो पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करायला साधारण १५,९०० किलोज्यूल, म्हणजे साडेसहा पटींहून अधिक. रेणू एकमेकांपासून दूर करणे आणि रेणूच तोडणे या दोन कामांतला फरक आकड्यांत इतका मोठा आहे. चहाच्या आधणात पहिले काम होते. दुसऱ्या कामासाठी पाण्यातून वीज सोडावी लागते. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा आणि उपड्या धरलेल्या दोन परीक्षानळ्या एवढ्या साहित्यात ते दाखवता येते. एका नळीत जमलेला वायू दुसरीतल्या वायूच्या जवळजवळ दुप्पट असतो. इथे पाण्याचे रेणू खरोखर तुटलेले असतात.

दोनास एक हे प्रमाण पाहिल्यावर मुले लगेच रेणुसूत्राकडे धावतात, आणि इथे त्यांना जरा थांबवून मी इतिहास सांगते, कारण मोठमोठ्या विद्वानांनाही ही वाट कठीण गेली होती. जॉन डाल्टन यांनी १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला तेव्हा पाणी म्हणजे हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असे ते धरून चालले होते. दुसरा पुरावा नसताना सर्वांत साधी जोडणी मानणे त्यांना योग्य वाटले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी दाखवले की वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी घनफळांत संयोग पावतात : हायड्रोजनची दोन घनफळे आणि ऑक्सिजनचे एक घनफळ मिळून वाफेची दोन घनफळे होतात. आता सारख्या घनफळात कणांची संख्या सारखी मानली, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण तयार झाले, आणि दोन्हीत ऑक्सिजन आहे. म्हणजे ऑक्सिजनचा तो कण मधोमध दुभागला गेला. पण अणू तर दुभागत नाही! यातून वाट काढली ती इटलीच्या आमेदेओ अव्होगाद्रो यांनी १८११ साली : ऑक्सिजन वायूचा कण हा एकटा अणू नसून दोन अणूंची जोडी आहे. ज्या कणाला आज आपण रेणू म्हणतो त्याची गरज अशी निर्माण झाली. डाल्टन यांनी ते मानले नाही. पुढे जवळजवळ ५० वर्षे रसायनशास्त्रज्ञ एकाच पदार्थाची निरनिराळी सूत्रे लिहीत राहिले, आणि १८६० साली कार्ल्सरूह येथे भरलेल्या परिषदेनंतर, स्तानिस्लाओ कानिझारो यांनी अव्होगाद्रोंची बाजू स्पष्ट करून मांडल्यावर, हा गोंधळ निवळू लागला. हे मी कागदाच्या गोल चकत्या घेऊन करून दाखवते. ऑक्सिजनची एक चकती दोन वाफांना कशी वाटायची, यावर मुले आपसांत भांडतात, आणि शेवटी कोणीतरी म्हणते की मुळातच दोन चकत्या चिकटलेल्या धरू. त्या क्षणी ‘रेणू’ हा शब्द त्या मुलाचा स्वतःचा होतो.

मात्र रेणू हा शब्द एकदा आवडला की मुले तो सगळीकडे लावतात, आणि मोठी माणसेही तेच करतात. ‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग मी किती ठिकाणी वाचला असेल याची गणती नाही. मिठाला रेणू नसतो. मिठाच्या खड्यात सोडिअमचे धनायन (धन प्रभाराचे आयन) आणि क्लोरीनचे ऋणायन (ऋण प्रभाराचे आयन) आळीपाळीने, तिन्ही दिशांना, खड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मांडलेले असतात. प्रत्येक सोडिअम आयनाच्या भोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडच्या भोवती सहा सोडिअम. यांतला कोणता कोणाचा जोडीदार, हे सांगता येत नाही. मिठाचे सूत्र केवळ प्रमाण सांगते, एकास एक. साखरेचे तसे नाही. साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ असे ४५ अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि साखर पाण्यात विरघळली की हे रेणू अख्खेच्या अख्खे वेगळे होतात. मीठ विरघळले की आयन वेगळे होतात. एका वाटीत मिठाचे पाणी, दुसऱ्या वाटीत साखरेचे, आणि त्यांत बॅटरीच्या तारांची टोके बुडवून मधे छोटा एलईडी दिवा जोडला, तर मिठाच्या वाटीचा दिवा लागतो आणि साखरेच्या वाटीचा लागत नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही विरघळणारे, दोन्ही संयुगेच. तरीही आतली मांडणी वेगळी.

आयन आणि अणू यांतला फरक विदर्भात तरी केवळ परीक्षेपुरता नाही. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि ते वर्षानुवर्षे पोटात गेले की दात आणि हाडे बिघडतात. बोलताना लोक ‘पाण्यात फ्लोरीन आहे’ असे म्हणतात. फ्लोरीन हा अत्यंत विखारी, पिवळसर वायू आहे आणि तो पाण्यात टिकूच शकत नाही, पाण्याशी त्याची तत्काळ अभिक्रिया होते. खडकांतून पाण्यात उतरतो तो फ्लोराइड आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जादा घेतलेला फ्लोरीनचा अणू. हा फरक कळला नाही तर माणसाला वाटते की वायूच आहे, पाणी उकळले की निघून जाईल. उकळल्याने पाणी आटते आणि फ्लोराइड मागे राहतो, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी आणि चुना वापरणारी ‘नालगोंडा पद्धत’ आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. वर्धा रोडवरून जाताना त्या आवाराकडे बोट दाखवून मी हे मुलांना आवर्जून सांगते, कारण आयन हा शब्द आपल्या गावात काम करतो हे त्यांना कळायला हवे.

संत्र्याविना नागपूरचा लेख पुरा होऊ नये, आणि इथे तर संत्रे विषयाला धरूनच आहे. संत्र्याची साल मुडपली की जो बारीक फवारा उडतो त्यात मुख्यतः लिमोनिन असते. त्याच्या रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू. रंगकाम करणारे वापरतात त्या टर्पेंटाइनमध्ये पाइनिन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच्या रेणूतही कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू. तेच अणू, तितकेच अणू; एकाचा वास संत्र्याचा आणि दुसऱ्याचा टर्पेंटाइनचा. दोन कापसाच्या बोळ्यांवर हे दोन वास घेतल्यानंतर ‘रेणू म्हणजे अणूंचा गट’ ही व्याख्या अपुरी आहे हे मुलांना आपोआप जाणवते. कोण कोणाला जोडलेले आहे, हेही रेणूच्या ओळखीत धरावे लागते. मग पुढचा प्रश्न ठरलेला : जे दिसतच नाही त्याची जोडणी कळते कशी? गांधीसागर तलावाजवळचे रामन विज्ञान केंद्र ज्यांच्या नावाने आहे, त्या सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याचे एक उत्तर दिले. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा फार थोडा भाग किंचित बदललेल्या रंगाचा निघतो, आणि हा बदल त्या रेणूतील बंध कसे थरथरतात यावर अवलंबून असतो. त्यामुळे लिमोनिन आणि पाइनिन यांच्या खुणा वेगवेगळ्या उमटतात. संशोधनाकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करताना रामन काही काळ नागपुरातही होते.

संयुजेविषयी, म्हणजे एखादे मूलद्रव्य इतरांशी किती जोडण्या करते त्या संख्येविषयी, थोडक्यात. हा शब्द हल्ली इलेक्ट्रॉनांच्या कक्षांसह शिकवला जातो, आणि मुले २, ८, ८ असे आकडे मांडत बसतात. एडवर्ड फ्रँकलंड यांनी ही कल्पना १८५२ साली मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागायला ४५ वर्षे अवकाश होता. पाणी, अमोनिया, मिथेन यांची सूत्रे ओळीने लिहून ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन आणि कार्बनला चार हायड्रोजन लागतात, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. इलेक्ट्रॉन नंतर आले तरी चालतील.

सूत्र हे हिशेबाचे साधन आहे हे पटवायला मी युरियाचे पोते वापरते. काटोल, नरखेडकडची ज्यांची शेती आहे त्या मुलांच्या घरी नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द रोजचे असतात. नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशिअम यांचीच ही नावे आहेत, हे मात्र त्यांना शाळेत कोणी सांगितलेले नसते. युरियाच्या पोत्यावर ‘नत्र ४६ टक्के’ असे छापलेले असते. हा आकडा आला कुठून? युरियाच्या रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू. अणुवस्तुमाने अनुक्रमे १२, १६, १४ आणि १ धरली, तर रेणुवस्तुमान १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, म्हणजे ६०. त्यात नायट्रोजनचा वाटा २८. अठ्ठावीस भागिले साठ केले की उत्तर ४६.६७ टक्के येते. पोत्यावर किमान हमी लिहिलेली असते आणि आतला युरिया शंभर टक्के शुद्ध नसतो, म्हणून छापील आकडा किंचित कमी आहे. ४५ किलोच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम नत्र भरते. कधीही न पाहिलेल्या रेणूतले अणू मोजून बापाच्या खांद्यावरच्या पोत्यातला आकडा निघाला, हे पाहून एक मुलगा बराच वेळ वहीकडेच बघत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा १०:२६:२६ या खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा घेऊन आला आणि त्याचाही हिशेब मागू लागला. हा हिशेब जरा तिढ्याचा आहे. पहिला १० हा नायट्रोजनचा खराखुरा टक्का आहे. पुढचे दोन्ही २६ मात्र स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजून लिहिण्याच्या जुन्या प्रथेतून आलेले आहेत, आणि त्यांतला एकही ऑक्साइड पोत्यात नसतो. फॉस्फरस तिथे फॉस्फेटच्या आयनांत असतो आणि पोटॅशिअम क्लोराइडच्या सोबतीला. फॉस्फरसच्या ऑक्साइडमध्ये १४२ भागांत ६२ भाग फॉस्फरस, म्हणून २६ टक्क्यांचे सव्वाअकरा टक्क्यांहून थोडे जास्त उरतात. पोटॅशिअमचे तसेच करून साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतात. त्याने दोन्ही गणिते वहीत मांडली, तिन्ही खरे टक्के एकाखाली एक लिहून बेरीज केली, आणि उरलेल्या ५७ टक्क्यांत कोणकोणते अणू असतील याची यादी करायला बसला.